माळकरणीच्या हातचं मटण

२ एप्रिल, बुधवार

आजही मामाजींनी ताट सरकवलं. भाकर दुधात कुस्करून दिली — नाही. वरण-भात मऊ करून दिला — नाही. लकवा झाल्यापासून उजवा हात लुळा आहे, तोंड वाकडं आहे, पण गिळता येतं. मग गिळत का नाहीत? एकुलता पोरगा गेला, आता जेवून काय करायचं, असंच असेल.

मला तरी कुठे भूक आहे! सकाळी डोळा उघडतो आणि वाटतं, कशाला उघडला.

३ एप्रिल

इथे नाव लिहिते. ऋषिकेश. चौदा वर्षांत तोंडाने कधी घेतलं नाही, 'अहो' आणि 'हे' यातच संसार झाला. २८ जानेवारीला कारंज्याच्या रस्त्यावर ट्रकने उडवलं. मार्चमध्ये मामाजींना लकवा. मूलबाळ नाही. आता या घरात सासरा आणि सून, दोघं दोन भिंतींकडे तोंड करून पडलेले असतात.

माहेराहून, मेडशीहून दादाचा फोन. "आखाजी झाली का तुले घ्यायले येतो. तिथं काय ठेवलं आता?" हो म्हटलं. सगळ्याला हो म्हणते हल्ली.

५ एप्रिल, शनिवार

शेजारच्या पंचफुलाकाकू सकाळीच माझ्यावर ओरडल्या. "आरशात पाह्यलं काय वं? गळ्याचं हाड दिसून राह्यलं. त्या म्हाताऱ्याचं जाऊ दे, तू काहून उपाशी मरून राह्यली?" मामाजी बाजेवर पडून ऐकत होते.

संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. महिन्यात पहिल्यांदा. जीभ जड आहे, पण शब्द कळला — "मटण."

म्हटलं, काकूंकडून आणते. मान हलवली. "तुह्या हातचं. तुह्या हातचं असंन तं खाईन. नाई तं काई नको."

माझ्या हातचं! मी माळकरी! नऊ वर्षांची असल्यापासून गळ्यात तुळशीची माळ आहे. लग्न ठरलं तेव्हाच ठरलं होतं — या घरात मटण होतं, पण अंगणातल्या टिनाखाली, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात, आणि करायचं पुरुषांनी. मामाजीच करायचे. कामरगावात कुठेही तिखटाचं जेवण असलं की लोक मामाजींनाच बोलवायचे — हंड्यावर जानराव! चौदा वर्षांत त्यांनी मला त्या टिनाखालचा चमचा उचलू दिला नाही. "तू इकडं येऊ नको पोरी, वास लागन." आणि आता हे. लकव्याने डोकंही फिरवलं काय?

६ एप्रिल

पंचफुलाकाकू मामाजींना समोर उभं राहून बोलल्या — "लाज नाई वाटत? माळकरणीले मटण मांगता?" त्यांनी डोळे मिटून घेतले. कालपासून पाण्याशिवाय काही नाही.

आईला फोन केला. ती म्हणाली, "मरणाऱ्याच्या तोंडात घास घालाचा म्हनलं तं विठोबा काई म्हनत नाई. शिजवलं तं शिजव. पण चाखजो नको. जिभेले लागलं का माळ गेली."

न चाखता स्वयंपाक! मीठ कसं कळायचं?

८ एप्रिल

चुलीपाशी उभं राहून ते ढवळणं मला होणार नाही. विचार करता करता माळ्यावरचं खोकं आठवलं. स्लो कुकर. मामाजींचे दात गेले, प्रेशर कुकरचं मटण चिवट लागतं, म्हणून ऋषिकेशने दिवाळीत ऑनलाइन मागवला होता. आत जड मातीचं भांडं, वर काच. सगळं टाकायचं, झाकायचं, सात तास तिकडे पाहायचंही नाही. मामाजी तेव्हा हसले होते — "सात घंटे? बकरं शिजवाचं आहे का म्हैस व्याची वाट पाहाची आहे?" खोकं तसंच वर गेलं.

आज खाली काढलं. टेपही फोडलेली नव्हती. खोक्यावर नाव त्याचं. तासभर तिथेच बसले.

९ एप्रिल, बुधवार

धम्मदीपा मामाजींचं बीपी पाहायला आली. उपकेंद्रात सिस्टर आहे, गावात एवढी एकच मला 'बिचारी' म्हणत नाही. कुकरसोबत इंग्रजी पुस्तक होतं, त्यात फोटो — मटणाचा हा मोठा अख्खा गोळा, भोवती बटाटे, गाजरं. तिला वाचून दाखवायला सांगितलं. वाचता वाचता थांबली.

"ताई, हे बीफ आहे."

"म्हणजे?"

"गाईचं."

राम राम राम! कालपासून देवाच्या फोटोखाली ठेवलं होतं ते पुस्तक! धम्मदीपा पोट धरून हसली. "बकऱ्याचं घ्या नं ताई. भांड्याले काय समजते!" मलाही हसू आलं. लगेच लाजही वाटली — दोन महिनेच झालेत.

शेजारच्या काकांनी अर्धा किलो आणून दिलं, एकच तुकडा. माळ ब्लाउजच्या आत सरकवली, नाकाला पदर बांधला, चिमट्याने उचलून टाकलं. बटाटे, गाजरं, आलं-लसूण, अंदाजाने मीठ, पाणी. खिडकीतून वायर काढून टिनाखाली बोर्ड नेला. नंतर डोक्यावरून आंघोळ.

मामाजींनी ताटाकडे पाहिलं. "हे काय, दवाखान्यातलं? मसाला कुठी आहे?" पण घास घेतला! दाताशिवाय चावता आला. चार घास. मी उठू लागले तर म्हणाले, "बस. तुही भाकर घिऊन बस. एकट्यानं घास उतरत नाई."

माझी भाकर-भाजी घेऊन बसले. शेवटी म्हणाले — "मीठ कमी."

१३ एप्रिल, रविवार

बाजेवरून मामाजींचे हुकूम. खोबरं निखाऱ्यावर भाज. कांदा सालीसकट भाज. खसखस, तीळ, दोन लवंगा. मिक्सर नाही, पाट्यावर वाट! दंड भरून आले.

अकराला कुकर लावला, बाराला लाइन गेली. अडीचला आली. धम्मदीपा म्हणाली, "ताई, कोमट राह्यलेलं मटण नका देऊ. फेकून द्या." फेकलं. कुत्र्यांनी चाटूनपुसून खाल्लं आणि मी टिनाखाली बसून मोठ्याने रडले. मयताच्या दिवशीही एवढी रडले नव्हते.

संध्याकाळी मामाजी म्हणाले, "पाच ते बारा लाइन राह्यते. बुधवारी पाचले उठजो."

१६ एप्रिल, बुधवार

पाचला उठले. अंधारात पाटा. वाटण तेलात परतून मग कुकरात, असं सांगितलं होतं. बाराला काच उचलली तर हाडावरून मांस आपोआप सुटलेलं. आठ घास! मग — "लवंग जास्त. मीठ कमी."

२० एप्रिल

मीठ जास्त म्हणे.

२३ एप्रिल

मीठ कमी म्हणे. अरे, तेवढंच टाकलं होतं! सपाट एक चमचा, बोटाने पुसून!

३० एप्रिल, बुधवार, आखाजी

पहिली आखाजी त्याची. नवी घागर आणली, पाणी भरलं, वर खरबूज ठेवलं. जेवायला पितर म्हणून काका बसले. रसाची वाटी त्यांच्यासमोर ठेवताना रस पाटावर सांडला. त्याला हापूस नाही, गावरान रसाचाच आंबा लागायचा. चोखून कोय पांढरी करायचा. आता हे कोणाला सांगू?

दादा आला होता. बॅग भर म्हणाला. मामाजी छताकडे पाहत होते. मी म्हटलं, दादा, आता कुठे ते खायला लागलेत, माझ्याच हातचं खातात. मी गेले तर चार दिवसांत तिरडी बांधावी लागेल. थांब थोडं. दादा चिडून शेवटच्या बसने परत गेला.

पुरणपोळीला मामाजींनी बोट लावलं नाही.

११ मे, रविवार

आज शेवटी धम्मदीपाला वाटीभर दिलं. म्हटलं, तू सांग खरं. तिने बोटं चाटली. "एक नंबर झालं ताई. मीठ एकदम बरोबर."

अर्ध्या तासापूर्वी मामाजी म्हणाले होते, मीठ कमी!

तशीच त्यांच्यासमोर गेले. "काहून छळता तुमी मले? माळ गळ्यात घालून मी तुमच्यासाठी हाडं धुवून राह्यली, पाचले उठून राह्यली, आणि तुमाले रोज खोड काढाची? सिस्टर म्हनते मीठ बरोबर आहे!" सासऱ्यासमोर आवाज! चौदा वर्षांत डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वाकडं तोंड आणखी वाकडं झालं, हसले की काय कोण जाणे. "सिस्टरले काय समजते," म्हणाले. "पुढच्या बारीले उलिसं जास्त टाकजो."

बाहेर आले तर धम्मदीपा म्हणते, "बरं वाटलं ताई, तुमाले भांडताना पाहून." मला काही बरं वाटलं नाही.

१४ मे

उलिसं, चिमूटभरच जास्त टाकलं. खारट म्हणे!

२८ मे, बुधवार

उपकेंद्रात गेले तेव्हा धम्मदीपाने मला काट्यावर उभं केलं. सेहेचाळीस. एप्रिलमध्ये एकेचाळीस होते म्हणे. मला लाजच वाटली. नवरा जाऊन चार महिने, आणि बाई अंग धरते. काय म्हणतील लोक. मामाजी समोर बसवतात, भाकर संपेपर्यंत उठू देत नाहीत, म्हणून झालं असेल.

त्याचा शर्ट आज धुतला. वास जाईल म्हणून इतके दिवस धुतला नव्हता. वास कधीचाच गेला होता.

८ जून, रविवार

ठरलं. मी जाणार. अकोल्याच्या नणंदेशी, सरिताताईंशी बोलले. त्या मामाजींना घेऊन जायला तयार आहेत. आता दोन वेळा जेवतात, धरून चालतात, कोणाच्याही हातचं खातील. मेडशीत बालवाडीची जागा आहे, दादाने बोलून ठेवलंय. २२ला येतो.

दोन महिन्यांत एकदा, फक्त एकदा 'बरं झालं' म्हणाले असते तर! हाताला मटणाचा वास येतो म्हणून मी देवाला फूल वाहायचं सोडलं. तुळशीला पाणी काकू घालतात. हे कोणासाठी? आणि वर रोज — कमी, जास्त, करपलं, पातळ. छळून घ्यायला मी काही जन्माची बांधलेली नाही.

मामाजींना सांगितलं. बराच वेळ डाव्या हाताने उजवा हात चोळत बसले.

"जाय," म्हणाले. "पण तिथंही पाचले उठत जाय."

एवढंच. थांब म्हणाले नाहीत, तुझे उपकार म्हणाले नाहीत. पाचला उठ! म्हाताऱ्याला मी सून वाटते की गडी?

११ जून

रस्सा पातळ म्हणे.

१५ जून, रविवार

आज जीव ओतून केलं. शेवटून दुसरा रविवार. खोबरं बदामी, कांदा मऊ, तवंग वर आलेला. काकांनी अंगणात वास घेऊन विचारलं, "जानरावभाऊ उठले काय हंड्यावर?" मनात म्हटलं, आज तरी म्हणतील.

"खोबरं करपलं."

खोलीत येऊन बॅग काढली. चार साड्या भरून ठेवल्या. मंगळवारी कारंज्याच्या डॉक्टरांना एकदा दाखवून आणते. मार्चमध्ये सरिताताईंचे यजमान घेऊन गेले होते, मी तेव्हा उठतच नव्हते. कागद सरिताताईंच्या हातात दिले की मी सुटले.

१७ जून, मंगळवार

डॉक्टरांनी जुना कागद पाहून मामाजींना विचारलं, "चव आली का परत?" मामाजी खिडकीकडे पाहू लागले. मी विचारलं, कसली चव? "लकव्यात यांच्या जिभेची चव गेली. वासही नाही. मार्चमध्येच सांगितलं होतं यांनी. घरी बोलले नाहीत?"

बसमध्ये बसून एकेक दिवस आठवत गेले.

भाजी मागितली असती तर मी चाखून पाहिली असती. खोटं तिथेच पकडलं असतं. म्हणून मटण. म्हणून माझ्याच हातचं. रोज एक खोड काढायची, म्हणजे मला पुन्हा उठावं लागेल.

दादाला फोन केला, येऊ नको.

मामाजींचे पाय धुतले, बाजेवर बसवलं. विचारलं, "उद्या बुधवार. काय करू?"

"मटण," म्हणाले. "मीठ पाहून टाकजो. रविवारी कमी होतं."

म्हटलं, टाकते मामाजी.