आईच्या कमरेवरचा वळ

नॉटिंगहॅम,
९ फेब्रुवारी २००६

ती. सुमनमावशीस,
अलकाचा सा. न. वि. वि.

नर्सिंग होममध्ये आई छान रुळली, असं मागच्या पत्रात ऐटीत लिहिलं होतं. ते शब्द मागे घेते. आंघोळ माझी मीच करीन, असा तिचा हट्ट होता. गेल्या आठवड्यात नर्स कॅरलने बळेच मदत केली, तर कमरेवर परकराच्या नाडीचा वळ! कातडी सोलवटून ओली झाली होती. या वयात ती सायीसारखी पातळ होते म्हणे. आई मात्र रोज फाइन, फाइन म्हणून सगळ्यांना वाटेला लावत होती. दुखतंय म्हटलं तर साडी काढून घेतील, ही भीती.

आणि झालं तेच. जखम भरेपर्यंत नाडी बंद, सैल गाऊन. कॅरल फार जीव लावून मलमपट्टी करते, पण गाऊनमध्ये चारचौघांत जाणार नाही म्हणून आईने अंथरूण धरलंय. अशीच पडून राहिली तर पाठीलाही जखमा होतील, असं कॅरल म्हणते. मावशी, मला फार भीती वाटते गं. तू तिला चांगली खडसाव.

काकांना नमस्कार. तुझा लोभ आहे म्हणूनच हे सगळं लिहवतं.

तुझी,
अलका


पुणे,
२२ फेब्रुवारी २००६

चि. अलकास,
सुमनमावशीचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी रडले, मग चिडले. माझ्या लग्नात भर पंगतीत जिलबी वाढताना अक्काची साडी सुटली होती. तेव्हापासून बाई श्वास कोंडेल इतकी नाडी आवळते. खडसावून उपयोग नाही, जन्मभर तेच करतेय.

त्यापेक्षा सोबतचं पार्सल उघड. दोन परकर शिवलेत, लहान मुलींच्या पेटीकोटसारखे खांद्यावरून घालायचे. कमरेला नाडी नाही, इलास्टिक नाही. तुझ्या काकांच्या जुन्या धोतरांचे आहेत, म्हणून मऊ. (काका अजून शोधतायत.) शिवण बाहेरच्या अंगाला घेतलीय, टोचायला नको. निऱ्यांना आतून फासे टाचून ते पुढच्या बटणांना अडकवायचे, म्हणजे साडीचा भार खांद्यावर. मात्र जखम भरू दे, आणि नर्सबाई हो म्हणाल्या तरच घाल.

तूही वेळेवर जेवत जा. आमच्या मायेला अंतर नाही, हे अक्कालाही सांग.

तुझी,
सुमनमावशी


नॉटिंगहॅम,
२ एप्रिल २००६

ती. सुमनमावशीस,
सा. न. वि. वि.

जखम भरली! कॅरलने परकर उलटासुलटा करून पाहिला, खांद्याच्या पट्ट्या रुंद करायला सांगितल्या. मी केल्या. पहिल्याच दिवशी आई निळी वायल नेसून लाउंजमध्ये सगळ्यांबरोबर जेवली. कॅरलला निऱ्या घालायलाही शिकवतेय, हातवारे करून आणि मराठीत रागावून. आता संध्याकाळी क्रीम लावताना आपणहून कंबर दाखवते.

मावशी, तुम्हा दोघींचे उपकार कसे फेडू? कॅरलला मिठी मारली, तुझी बाकी आहे. खाली आईने स्वतः चार ओळी लिहिल्यात. अशीच आमच्यावर माया राहू दे.

तुझी,
अलका

सुमे, आशीर्वाद. परकर झकास, गळा जरा मोठा झालाय. इथे रोज कुणी ना कुणी येऊन विचारतं, कुठे दुखतंय का. जन्मात मला हे कुणी विचारलं नव्हतं गं, मग सांगायची सवय कुठून असणार? परवा मात्र धीर करून सांगितलं, कोपर चुरचुरतंय. लगेच दोघी नर्स धावत आल्या. सुमे, मला रडूच आलं.