पाच यंत्रं, अठरा जुळारी

सिनसिनाटी,
रविवार, ८ नोव्हेंबर १८९६

प्रिय थॅडकाका,

नमस्कार. तुमची दोन्ही पत्रं पोचली. सफरचंदांची पेटीही पोचली. तळातली चार नासली होती, बाकीची आईने शिजवून बरण्यांत भरली. तिचे गुडघे आता तिला जिना उतरू देत नाहीत, जीभ मात्र पूर्वीसारखीच चालते. लेटीला आणि जावईबापूंना माझी आठवण सांगा. म्हातारपणी बापाला लेकीच्या शेतावर राहायला मिळतंय, हे काही थोडं नाही.

उत्तराला उशीर झाला. निवडणूक होती, असं म्हणते. मंगळवारपासून छापखान्यात निकालांचे आकडे येतच होते, आणि हाताने खिळे जुळवून आठवडाभरात झाल्या नसत्या एवढ्या ओळी मी एका दिवसात ओतल्या. यंत्रावरचं काम कसं असतं, असं तुम्ही विचारलंत. बसून करता येतं, एवढं सुख आहे. कळ दाबली की त्या अक्षराचा पितळी साचा खडखडत खाली येतो. ओळ भरली की मागून वितळलेलं शिसं ओतलं जातं आणि अख्खी ओळ गरमागरम बाहेर पडते. एक अक्षर चुकलं तरी सगळी ओळ पुन्हा ओतायची. शिशाचा शिंतोडा कधी उडेल सांगता येत नाही. माझ्या मनगटावर तीन डाग आहेत. घरी आले की तासभर कुणाशी बोलवत नाही.

तुमच्या कामाचं काल क्लॉपना विचारलं. ते अजून फोरमन आहेत आणि अजून पेन्सिल कानावर ठेवून ती सगळीकडे शोधतात. जाहिरातींच्या मोठ्या अक्षरांना अजून माणसाचे हात लागतात, आणि तिथला एकजण सोडून चाललाय. मी तुमचं नाव काढलं.

"थॅडियस? त्याला दिसतं का?"

"बारीक नाही दिसत. बोटाएवढं अक्षर दिसतं."

"तुला हे कधीपासून ठाऊक?"

"यंत्रं यायच्या आधी तीन वर्षं. त्यांचे कागद मीच हळूच वाचून सांगायचे."

ते हसले. "हळूच? अगं, अख्ख्या खोलीला ऐकू यायचं. म्हणून तर यंत्रावर बसवायच्या परीक्षेला एका न्यायाधीशाच्या किरट्या अक्षरातला कागद मी मुद्दाम त्याच्यापुढे ठेवला. यंत्रं पाच, माणसं अठरा. कुणाला तरी उठवायचंच होतं, ऑर्फा. सोळा तारखेला ये म्हणावं त्याला. आठवड्याचे तीन दिवस."

तर काम आहे. एवढंच लिहून थांबता आलं असतं. सकाळी तसं एक पत्र लिहिलंही होतं, पाकिटात घातलं होतं. मग वाटलं, तुम्ही आनंदाने याल आणि सगळ्यांसमोर माझे आभार मानाल. ते मला झेपायचं नाही. हे अक्षर एवढं मोठं काढून इतके कागद भरलेत, ते लेटीकडून वाचून घ्यावं लागू नये म्हणून. पुढचं तुम्ही एकट्याने वाचा.

परीक्षेच्या दिवशी तुम्ही दुसऱ्या यंत्रावर होतात, मी तिसऱ्यावर. शब्द अडला की तुम्ही खिळ्यांच्या खणावर दोन टिचक्या मारायच्या आणि मी तो शब्द सांगायचा, हे आपलं ठरलेलं. त्या दिवशी तुम्ही यंत्राच्या लोखंडावर टिचक्या मारल्यात. नंतर जिन्यात विचारलंत, "ऑर्फा, ऐकू नाही का गं आलं?"

"केवढा गोंगाट होता, काका," मी म्हटलं.

"हो, तेही खरंच," म्हणालात, आणि खुंटीवरची माझी टोपी काढून माझ्या हातात दिलीत.

मला ऐकू आलं होतं. पहिल्यांदाही, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा तुम्ही जरा जोराने मारल्यात, तेव्हाही. मी आपल्या कागदाकडे बघत कळा दाबत राहिले. मनात एवढंच होतं, की पाचातली एक खुर्ची काकांना गेली तर उरतात चार. आईचं आजारपण, घरभाडं, ही कारणं तेव्हा सुचलीसुद्धा नव्हती. ती मी घरी जाताना रस्त्यात जमवली.

कालचं त्यांचं बोलणं ऐकून मला हलकं वाटेल, असं क्लॉपना वाटलं असावं. पण तो कागद त्यांनी निवडून ठेवलाय, हे त्या दिवशी मला कुठे माहीत होतं? मी एक शब्द सांगितला तर तुम्ही राहाल, असंच मी धरून चालले होते. आणि तरी सांगितला नाही.

दीड वर्ष झालं. कामाने थकते, असं मी सगळ्यांना सांगते. आईला तर खरंच वाटतं.

सोळाला या. जाहिरातींची खोली वरच्या मजल्यावर आहे, खिडक्या मोठ्या आहेत, उजेड चांगला येतो. माझं तोंड बघायचं नसेल तर मागच्या जिन्याने वर जाता येतं. मी पुढच्याने येते-जाते. रागावून या, न बोलता या, पण या. फक्त माझे आभार मानू नका.

तुमच्या हाताखाली शिकलेली,
ऑर्फा लिनेल