आमच्या सोप्यावरची दिल्ली

मु. पो. येळावडे, ता. वाळवा,
जि. दक्षिण सातारा (हे आता असंच लिहायचं. का, ते पुढं येईल.)
भाद्रपद शुद्ध दशमी, शके १८७१

तीर्थस्वरूप लालासाहेब दादांच्या पायांशी धाकटी बहीण हरणा हिचा दंडवत. इकडे सासूबाई, पोरं, गुरंढोरं सगळी खुशाल. तुमचा गुडघा कसा आहे? खडकीची हवा ओलसर, तेव्हा पलटणीच्या डॉक्टरच्या गोळ्यांवर सगळा भार टाकू नका, अंघोळीआधी तिळाचं तेल कोमट करून चोळत जा. वैनींना सांगा, लुगडं पोचलं, रंग अगदी माझ्या मनासारखा आहे (काठ जरा अरुंद आहे, पण एवढं वाक्य त्यांना वाचून दाखवू नका). उत्तराला महिना लागला त्याची माफी असावी. घरात शाईची एकच दौत, आणि ती दर रविवारी राजकारणात रिकामी होते.

तुम्ही मागं आला होता तेव्हा ही पीडा एवढी वाढलेली नव्हती. ज्ञानू शिंपी इस्लामपूरच्या बाजाराहून एक साप्ताहिक आणायचा, दोन बातम्या वाचायचा आणि जायचा. आता दर रविवारी जेवणं झाली की आमच्या सोप्यावर बैठक बसते ती दिवे लागेपर्यंत. जाणकार तिघं. पेन्शनीत आलेले हंबीरराव जमादार, हे युद्ध आणि परराष्ट्र बघतात, कारण ते पहिल्या महायुद्धात इराकात, बसऱ्याला होते. ज्ञानू शिंपी दिल्ली आणि मुंबई बघतो, कारण पेपर त्याचा. तिसरे आमचे मालक. ते काय बघतात हे मला दोन वर्षांत समजलं नाही, पण सोपा त्यांचा असल्यामुळं त्यांना कुणी उठवत नाही. चहा मी बघते. साखर मिळत नाही म्हणून गुळाचा करते, तर हंबीररावांनी एकदा चहाच्या गोडीवरून सरकारच्या अन्नधान्य धोरणावर तासभर बोलून घेतलं, आणि कप खाली ठेवताना म्हणाले, "आज गूळ जरा कमीच पडला."

जिल्ह्याची वाटणी होणार असं पेपरात आलं तेव्हा तर माझ्या सारवलेल्या भुईवर कोळशानं सगळा सातारा काढला. महाबळेश्वर उंबऱ्याशी, सांगली न्हाणीपाशी, आणि मधली रेघ कुठून न्यायची यावर पाच रविवार वाद. एका रविवारी कऱ्हाड दक्षिणेत घेतलं, पुढच्या रविवारी परत दिलं. पाटणचं काय करावं ते ठरेना म्हणून त्याच्यावर ज्ञानूनं आपली टोपी ठेवली, आणि मग जाताना टोपी शोधत बसला. शेवटी सरकारनं यांतल्या कुणालाही न विचारता रेघ मारली, आणि आम्ही दक्षिण साताऱ्यात आलो. त्यानंतरचे दोन रविवार, सरकार कुठं चुकलं, यात गेले. भुई मी पुन्हा सारवली.

आता खरं दुखणं सांगते. आमची वस्ती आणि गाव यांच्यामध्ये ओढा आहे, हे तुम्हाला माहीत आहे. चार महिने पाणी कमरेच्या खाली येत नाही. माझी मनू चार महिने शाळा बघत नाही. गेल्या वर्षी श्रावणात शेजारच्या राहीबाईंची सून बनुबाई अडली, सुईण पलीकडच्या काठावर, ही अलीकडच्या. शेवटी काठावरच घोंगडं धरून राहीबाईंनी आणि मी बाळंतपण केलं. पलीकडून सुईण ओरडून सांगत होती आणि पाण्याच्या आवाजात आम्हाला निम्मंच ऐकू येत होतं. मायलेकी वाचल्या हे देवीचं देणं. त्या दिवसापासून राहीबाईंनी ध्यास घेतला की ओढ्यावर लाकडाचा का होईना, साकव पाहिजे. एका रविवारी त्या थेट बैठकीत येऊन उभ्या राहिल्या.

"आवं हंबीरराव, त्ये काश्मीर ऱ्हाऊ द्या घडीभर. आमच्या वढ्यावर साकव कवा व्हनार, तेवडं बोला."

"तसं नसतंय, राहीबाई," हंबीरराव म्हणाले. "वरचं ठरल्याबिगर खालचं ठरत न्हाई."

"वरचं पानी खाली येतंय, तवाच तर अडतंय आमचं," राहीबाई म्हणाल्या. यावर तिघांनीही पेपर उलटा करून मागचं पान वाचायला घेतलं.

त्याच सुमारास ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. वस्तीतर्फे आमच्या मालकांनी उभं राहावं असं बैठकीत ठरलं. (मला बरंच वाटलं. निदान साकवाचं कुणीतरी बोलेल.) मग कोण कुणाचा पाहुणा, कुणाचं बांधावरून भांडण, कुणाची मतं कशी फुटतील, याचा हिशोब चालला. अर्ज देण्याचा शेवटचा दिवस सोमवार, दुपारी तीनपर्यंत, चावडीत. म्हणजे सकाळी उठून चालत जाऊन कागद द्यायचा, एवढंच काम. पण हंबीरराव म्हणाले, सकाळी दिला तर विरोधात असलेल्या गावच्या पाटलाच्या माणसांना पत्ता लागतो आणि ते डाव बदलतात. लष्करी पद्धत अशी की शत्रू बेसावध असताना शेवटच्या पाच मिनिटांत चढाई करायची. तेव्हा सोमवारी खास जादा बैठक बसली. हंबीररावांचं बसऱ्याचं घड्याळ मधोमध ठेवलं. ते घड्याळ पावसाळ्यात दम खातं हे सगळ्या वस्तीला ठाऊक आहे, फक्त हंबीररावांना सांगायची कुणाची छाती नाही.

त्या सकाळी राहीबाई मला म्हणाल्या, "चल गं, आपुन तलाठ्याला इचारू, साकवाचा अर्ज कुनाकडं द्यायचा." पाऊस नुकता लागला होता, ओढा अजून पोटरीएवढाच होता, म्हणून बनुबाईलाही घेऊन तिघी गेलो. तलाठी भला माणूस. तो म्हणाला, साकव पंचायतीच्या हातात, आणि पंचायतीत बायकांची एक जागा आहे, तिला अजून एकही अर्ज नाही. मोकळी राहिली तर वरून कुणाला तरी नेमतील. राहीबाईंनी माझ्याकडं बघितलं. "हिला लिव्हाय येतंय," त्या म्हणाल्या. दादा, तुम्ही आबांशी भांडून मला सातवीपर्यंत शिकवलंत, ते असं अंगावर आलं. मी तिथंच बसून अर्ज भरला. सूचक राहीबाई, डाव्या हाताचा अंगठा. अनुमोदक बनुबाई, पोरगी काखेत असल्यामुळं अंगठा जरा फिसकटला, पण तलाठ्यानं चालवून घेतला.

घरी आले तर चढाईची तयारी चालू. मी चहा घेऊन तीनदा गेले. अडीचला आमच्या मालकांनी नवं धोतर नेसलं. घड्याळात तीनला दहा कमी झाले तेव्हा तिघं निघाले. चावडीत पोचले तर तलाठी वही बांधून भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसला होता. खरे साडेतीन वाजून गेले होते.

दुसऱ्या दिवशी चावडीच्या भिंतीवर यादी लागली. ज्ञानूनं ती कागदावर नकलून आणली आणि सोप्यावर मोठ्यानं वाचायला लागला. शेवटची ओळ त्यानं दोनदा वाचली. बायकांच्या जागेवर बिनविरोध मी. कुणी माझ्याकडं बघेना. हंबीरराव म्हणाले, "ही चाल कुनाची?" पुढच्या रविवारी त्यावरच दोन तास चर्चा. ज्ञानूला यात मुंबईचा हात दिसला. हंबीररावांचं मत पडलं की आघाडीवर हूल देऊन बगलेनं मारा करायचा, हा त्यांचाच जुना बेत होता. मी दाराशीच तांदूळ निवडत बसले होते, दादा. एकानंही मला विचारलं नाही.

आमचे मालक दोन दिवस जेवण झालं की थेट गोठ्यात जाऊन बसत होते. मलाही वाईट वाटलं, नवं धोतर नेसून गेलेला माणूस तो. तिसऱ्या दिवशी वैरण टाकता टाकता म्हणाले, "मला का न्हाई सांगितलंस?"

"तीनदा चहा घेऊन आले, तीनदा तोंड उघडलं. तीनदा तुम्ही हात वर करून थांब म्हणालात."

त्यांनी हातातली वैरण खाली ठेवली. "तिसऱ्यांदा न्हाई. तिसऱ्यांदा चा गार हुता, म्हून हात केला." आणि मग त्यांनाच हसू आलं.

पंचायतीच्या पहिल्या सभेत मी साकवाचा विषय मांडला. सगळ्यांनी माना डोलावल्या, तेव्हाच मी ओळखायला पाहिजे होतं. ठराव झाला तो असा: साकव कुठं, कसा आणि किती रुंद, याचा विचार करायला जाणकारांची कमिटी नेमावी. लष्कराचा अनुभव म्हणून हंबीरराव, मोजमापाची टेप घरात आहे म्हणून ज्ञानू, अध्यक्ष मी. बैठक दर रविवारी. जागा, अध्यक्षांचं घर.

दोन बैठका झाल्या. हंबीररावांचं म्हणणं, साकवावरून रणगाडा गेला पाहिजे. मी म्हटलं, इथं म्हैस जाईना. ते म्हणाले, अध्यक्षांनी दूरचं बघावं. ज्ञानूला आधी नाव ठरवायचं आहे. हा कागद मी तुमच्यापुढं डोकं आपटावं म्हणून लिहिते आहे, दुसरं काही नाही. वडीलकीच्या नात्यानं आशीर्वाद असू द्यावा, वैनींना नमस्कार, भाचरांना गोड पापा.

तुमची धाकटी,
हरणा

ता. क. काही नाही असं वर लिहिलं, पण एक आहे. परवा आमच्या मालकांनी बांधावरची दोन जुनी बाभळीची खोडं तोडली आणि बैल लावून ओढ्यावर नेऊन टाकली. मला म्हणाले, "कमिटीला सांगू नगंस." तुम्ही सफरमैनात आहात, इटलीत नद्यांवर पूल बांधलेत. खोडांची टोकं काठात किती पुरायची आणि पुरानं वाहू नयेत म्हणून कशानं जखडायची, तेवढं चित्र काढून धाडा. दसऱ्याला रजा मिळाली तर स्वतःच या, आणि रविवार सोडून या.

ता. क. दुसरा. ज्ञानूचा पेपर दोन आठवडे आला नाही. काश्मीरचं पुढं काय झालं ते लिहा. हंबीररावांसाठी नको, ते सांगतीलच. मला पाहिजे.

ता. क. तिसरा. अर्जावर पूर्ण नाव लिहा असं तलाठी म्हणाला. लग्नाला चौदा वर्षं झाली, मी मालकांचं नाव कधी तोंडानं घेतलं नव्हतं, तिथं शाईनं लिहिलं, माझ्या नावापुढं, आणि तेच भिंतीवर लागलं. आमचे मालक हल्ली रोज कुठल्या ना कुठल्या कामानं, कमरेएवढ्या पाण्यातून का होईना, चावडीवरून जाऊन येतात. नाव तुम्हाला माहीत आहेच, इथं लिहीत नाही.