विहीणबाईंची झोप आणि माझा पंप

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझी कंबर आणि भाऊजींचा गुडघा यांपैकी निदान एक तरी ताळ्यावर असेल, या आशेवर लिहायला बसतो. माझी तब्येत उत्तम, अब्रू तेवढी गेली. तीही तूच सुचवलेल्या स्थळी.

परवा बोलता बोलता होणारे व्याही म्हणाले, आमचा एसी गार करत नाही. आपण गप्प बसावं की नाही? पण तीस वर्षं याच धंद्यात काढलेल्या माणसाची जीभ ती! मीच येतो म्हणालो. (मुलीनं टेबलाखालून पाय दाबला. मला वाटलं, कौतुकानं.) रविवारी त्यांचा होकार यायचा, म्हटलं, गार खोलीत बसून देतील.

गेलो. गळका जोड सापडला, नवा केला. आता नवा गॅस भरण्याआधी पंप लावून पाइपातली हवा आणि ओल पार शोषून काढायची, चांगला पाऊण तास. मग वॉल्व बंद करून दाब दाखवणाऱ्या गेजचा खाली उतरलेला काटा परत वर चढत नाही ना, ते पाहायचं. हे न करता गॅस भरणं म्हणजे ओल्या डब्यात साखर ओतणं. व्याह्यांचं मत वेगळं. त्यांचा आधीचा मिस्त्री म्हणे थोडा गॅस सोडून हवा ढकलून द्यायचा आणि पाच मिनिटांत मोकळा व्हायचा. (म्हणूनच तो 'आधीचा'.) मी हट्टाला पेटलो. पंप बेडरूममध्ये घरघरत ठेवला, विहीणबाई तिथेच कपड्यांच्या घड्या घालत होत्या, आणि व्याही मला हॉलमध्ये घेऊन बसले. विषय शिस्त. या घरात पाचला उठतात, दुपारी कोणी पाठ टेकत नाही, वगैरे. माझे कान मांजराचे हे तुला ठाऊक आहे. पण ते बोलायला लागले की शेजारची इमारत पडली तरी कळायचं नाही.

पाऊण तासानं बघतो तर पंप चालू, काटा मात्र खाली उतरायचं नाव घेईना, जवळजवळ होता तिथेच. दाब भरून सगळ्या जोडांना साबणाचा फेस लावला. एक बुडबुडा नाही. पुन्हा पंप, पुन्हा शिस्त, पुन्हा काटा तिथेच. व्याही घड्याळाकडे बघत म्हणाले, "आमचा आधीचा मिस्त्री..." वाक्य पुरं केलं नाही, हाच त्यांचा चांगुलपणा.

तिसऱ्या खेपेला चष्मा आत राहिला म्हणून मध्येच, खुर्ची न वाजवता, अनवाणी गेलो. पंप बंद! विहीणबाई पलंगावर गाढ. चाहूल लागताच दचकून उठल्या, आधी पंपाचं बटण दाबलं, मग ओठांवर बोट ठेवलं. "या आवाजानं डोळा लागत नाही हो. ह्यांना सांगू नका हं, वीस वर्षं कळू दिलं नाही मी." हॉलमध्ये खुर्ची सरकली की माउली पंप चालू करायची. वॉल्व उघडा आणि पंप बंद, म्हणजे काढलेली हवा वाजतगाजत परत आत.

त्यांचं नाव घ्यावं, तर मुलगी जन्मभर सासूच्या डोळ्यात सलणार. न घ्यावं, तर तीस वर्षांचं नाव पाण्यात. बाहेर येऊन सांगितलं, जोड माझ्याच हातून सैल राहिला होता. व्याही नुसतं "हं" म्हणाले. त्या 'हं'मध्ये, ताई, ज्याला एक पाइप जमत नाही त्याच्या घरात मुलीला काय वळण असणार, इथपर्यंत सगळं होतं.

मग मी पंपापाशीच ठाण मांडलं. विहीणबाई पलंगावर ताठ बसून पाऊण तास माझ्याकडे टक्क बघत होत्या. काटा उतरला, खालीच टिकला, गॅस भरला, खोली गार झाली. हे स्थळ गेलं असं धरून चाललोय. मुलगी बोलत नाही. मला मात्र कोणापुढे काही सिद्ध करायचं नाही.

तुझा अभागी भाऊ

ता. क. तो जोड पक्का होता, एवढं व्याह्यांच्या कानावर घालशील का? कसं, ते तू बघ. विहीणबाईंचं नाव मात्र येता कामा नये. खरं तर एवढ्याचसाठी पत्र लिहिलं.

आणखी ता. क. पाकीट चिकटवण्याआधी व्याह्यांचा फोन आला. होकार! म्हणाले, आपली चूक कबूल करणारा मिस्त्री आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. अशाच घरची सून हवी. तेव्हा वरचं सगळं रद्द. कोणी विचारलंच, तर छातीठोकपणे सांग, हा लहानपणापासूनच चुकतो.