लाडोबाच्या लिव्हरचे लाड

तीर्थस्वरूप आत्याच्या चरणी, हल्ली घरात कुणाच्या खिजगणतीतही नसलेल्या तुझ्या भाचीचा साष्टांग नमस्कार.

तुझी कंबर कशी आहे? तुमच्या दवाखान्यात वॉर्डातल्या पोरांना उचलून उचलून धरली होती म्हणालीस, ती सुटली का? इकडे सगळे मजेत आहेत. म्हणजे आई, बाबा आणि त्यांचा धाकटा लाडोबा मजेत आहेत; मी आपली आहे. फोन सोडून पत्र लिहितेय, कारण आपल्या घरात फोनवरचं बोलणं भिंतीपलीकडे सगळ्यांना ऐकू जातं, आणि मला नेमकं त्यांच्याबद्दलच बोलायचंय.

लाडोबाच्या लिव्हरवर चरबी चढलीय हे तुला बाबांनी कळवलंच असेल. (शाळेच्या तपासणीत त्याचं पोट बघून डॉक्टरीणबाईंना शंका आली. मी ते पोट वर्षभर बघतेय, पण माझं मेलीचं कोण ऐकतं?) मग मोठ्या दवाखान्यात त्या नव्या मशिनवर न्यायचं ठरलं. तपासणीच्या आधी काही तास त्याने उपाशी राहायचं होतं, तर आईने सहानुभूती म्हणून अख्खं घर उपाशी ठेवलं. तिथे पोचेपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते आणि लाडोबा मात्र आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता. अकरा वर्षांचा घोडा! मशिन बघताच त्याने भोकाड पसरलं. तेव्हा मशिनवाले काका म्हणाले, "आधी ताईचं करून दाखवू या, म्हणजे त्याची भीती जाईल." अशा रीतीने पहिली आडवी पडले मी. उजवा हात डोक्याखाली, बरगड्यांवर गार गार जेली, आणि त्यावर टेकवलेली ती दांडी हलकेच ठक्‌ ठक्‌ करते. झालं! त्या ठोक्यावरून लिव्हर किती कडक झालंय आणि त्यात किती चरबी आहे ते पडद्यावर उमटतं. सुई नाही, रक्त नाही; पूर्वी म्हणे सुईने आतला तुकडा काढून बघायचे. माझा आकडा बघून काका म्हणाले, "वा, एकदम झकास!" मी वळून बघितलं, तर आई लाडोबाचं नाक पुसत होती आणि बाबा त्याला पंख्याची पाती मोजायला लावत होते. मग तो आडवा झाला, ठक्‌ ठक्‌ झालं, आकडा बरा नव्हता, आणि घरी येईपर्यंत त्याच्या शौर्याची वर्णनं चालली होती. आत्या, मी सायकलवरून पडले आणि हनुवटीला टाके पडले, तेव्हा मला काय सांगितलं होतं ठाऊक आहे? "मोठी ना तू? रडायचं नाही."

खरं सांगते, त्या दिवसापासून माझा नुसता जळफळाट होतोय. बाबांचं लिफ्ट दुरुस्तीचं काम तुला माहीतच आहे. कुठल्याशा इमारतीत कुणीतरी अडकतं आणि बाबा ताटावरून उठतात. माझ्या गॅदरिंगला अडकले, माझ्या वाढदिवसाला अडकले. (अडकतात दुसरेच, पण सुटत नाहीत ते बाबा.) तेच बाबा लाडोबाच्या लिव्हरसाठी रोज संध्याकाळी उजेडात घरी यायला लागले! आधी चालणं, मग गेटजवळच्या मोकळ्या जागेत बॅडमिंटन. मी कशाला? मी बॅडमिंटनची फुलं उचलून आणून द्यायला. फूल झुडपात गेलं की "ताई, बघ गं". घरातली बिस्किटं आणि थंड बाटल्या बंद झाल्या त्या माझ्याही. म्हणजे पथ्य दोघांना आणि बाबा एकट्याला.

गेल्या आठवड्यात फेरतपासणी झाली आणि आकडा चक्क सुधारला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान! हे सगळं असंच चालू ठेवा. आता वर्षभर दाखवायला आला नाहीत तरी चालेल." पण बाबांच्या धंद्यात लिफ्ट चालू झाली की माणूस पेटी उचलून पुढच्या इमारतीत जातो. लाडोबाचं लिव्हर चालू झालं; बाबांनी पेटी उचलली. त्या दिवसापासून पुन्हा जेवायला आम्ही तिघंच.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, चार दिवस. काल चपलांच्या कपाटामागे कुरकुर ऐकू आली म्हणून वाकले, तर लाडोबा क्रीमच्या बिस्किटांचा अख्खा पुडा घेऊन बसलेला. रडत रडत खात होता. मी कान धरला तर म्हणतो, "आकडा परत वाढला की बाबा येतील ना?" आत्या, मी आयुष्यात पहिल्यांदा त्या गोळ्याला जवळ घेतलं. (कुणाला सांगू नकोस.) पुडा मी जप्त केलाय.

बाकी सर्व क्षेम. काळजी नसावी.

तुझी,
ताई (या घरात मला एवढंच नाव उरलंय)

ता. क. बाबा साहेबांचं ऐकत नाहीत, आईचं ऐकल्यासारखं करतात, आणि मोठी बहीण म्हणून तुझं मात्र मुकाट ऐकतात. तर तू त्यांना फोन करून सांग, की लिव्हर म्हणजे लिफ्ट नव्हे, संध्याकाळचं खेळणं चालूच ठेवावं लागतं. यात खोटं काही नाही. डॉक्टरीणबाईही तेच म्हणाल्या. बाबांनी शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं.

ता. क. अशा गोष्टी घराण्यात असतात, तेव्हा मोठ्या मुलीलाही खेळायला घ्यावं, हेही सांग. माझ्या झकास आकड्याचा उल्लेख करू नकोस. तसाही तो कुणी ऐकलेला नाही.

ता. क. लाडोबाला बाबा मुद्दाम जिंकू देतात. मला तसं चालणार नाही. माझ्याशी खरंखुरं खेळायचं म्हणावं. (एखाद्या वेळी दिलं जिंकू, तर मला कळलं नाही असं मी दाखवेन.)