आपला वरवंटा

आई, परवा तुझा वरवंटा पाहिला. चांदीचे डोळे लावलेत त्याला, वर मखर. पुजारी सांगत होता, स्वयंभू आहे, जमिनीतून आपोआप वर आला. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात आपण पाथर्डीकडून श्रीगोंद्याला आलो, तेव्हा तुझ्या डोक्यावर पाटा, कडेवर धाकटी आणि वरवंटा माझ्याकडे. वडील आदल्याच वर्षी गेलेले. साखर कारखान्याच्या रस्त्याला सरकारी पडीक जागा होती. तिथं तू तुराट्यांचा कूड घातलास, शेणानं सारवलास आणि दारात चूल मांडून उसाच्या गाडीवानांना भाकरी-ठेचा विकू लागलीस. तुझ्या ठेच्यासाठी गाड्या थांबायच्या. मग कोतवालानं दवंडी दिली, सरकारी जागेवरची घरं निघणार. पूर्वी तलाठी यायचा, दंड लावायचा, जायचा. या वेळी तो चुलीपाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "बाई, कायदा बदललाय. आता दंडावर भागत न्हाई. पाडावंच लागतंय." कुणीतरी तुझ्या कानात भरवलं, दारात देव बसव, मग सरकारचा बापसुद्धा हात लावत नाही. तू वरवंटा धुतलास, शेंदूर माखलास आणि उंबऱ्यापुढं रोवलास. मी विचारलं, "आता ठेचा कशानं वाटायचा?" तू खेकसलीस, "गप बस. आदी घर ऱ्हाऊ दे."

माणसं आली, तू दारात आडवी उभी. "द्येवाला हात लावाल तर बघा!" तलाठी थबकला. वहाणा काढल्या, टोपी सारखी केली आणि वाकून नमस्कार केला. तुझा चेहरा कसा उजळला होता गं! मग तो वळून माणसांना म्हणाला, "द्येव सोडून बाकीचं काढा." मेल्यानं देवाला धक्कासुद्धा लागू दिला नाही. कूड पडला, चूल फुटली, वरवंटा जागच्या जागी. तू तो उपटायला वाकलीस तर गावच्या बायकांनी हात धरला. "अगं, द्येव उपटत्यात व्हय? गावावर कोप आनतीस का?" नुसता पाटा घेऊन आपण निघालो. त्या थंडीत उघड्यावर धाकटी तापानं फणफणली आणि गेली. त्या पाट्यावर तू पुढं धुणं धुतलंस, ठेचा कधीच वाटला नाहीस.

आता तिथं सभामंडप आहे, पुढं नारळवाल्यांच्या टपऱ्या. सगळं त्याच सरकारी जागेवर, आणि हात लावायची कुणाची छाती नाही. बघून अंगाचा तिळपापड होतो.

मी तिथं उगाच गेले नव्हते. लेकानं राहत्या घरात पिठाची गिरणी घातली, परवानगी न काढता. कायदा पुन्हा कडक झालाय म्हणतात. नोटीस आलीय, घर पाडतील म्हणून. सुनेच्या डोळ्याचं पाणी खळत नाही, कडेवर तान्ही आहे. तिच्याकडं बघितलं की मला धाकटीच दिसते.

हे पत्र टाकायचं तरी कुठं? उशाशीच राहील. पण तुला सांगितल्याशिवाय राहवेना. पाथर्डीहून येताना माझ्या हातून पडून वरवंट्याच्या टोकाचा टवका उडाला होता, तो मी शेंदराखालीसुद्धा ओळखला. आपल्याला या दगडानं वाचवलं नाही, हेही मला ठाऊक होतं. तरी मी नारळ फोडला, पदर पसरला आणि तुझ्याच वरवंट्याला म्हणाले, "देवा, एवढं घर राहू दे."