शेजारणीच्या गॅरेजमधलं पितळ

आई, आज मी शेजारणीच्या गॅरेजमध्ये तुझ्या स्टुलावर बसले. तुझ्या म्हणजे, ती अजून त्याला तुझंच म्हणते. तू जाऊन एक तप उलटून गेलं, मॉरिसव्हिलच्या आमच्या रस्त्यावरची निम्मी घरं विकली गेली, पण ते स्टूल तिने हलवलेलं नाही. म्हातारीची बोटं आता सांधेदुखीने वळत नाहीत, म्हणून तिने मला मदतीला बोलावलं. रविवारच्या नेमबाजीसाठी ती आपल्या पिस्तुलाची काडतुसं घरीच भरते, हे मी तुला काय सांगणार? माझ्यापेक्षा तुलाच ते जास्त ठाऊक. आणि एवढं लिहितानासुद्धा माझा जळफळाट होतोय.

बाबा गेल्यावर तुला सहा महिन्यांसाठी इकडे अमेरिकेत आणलं ते तुझ्यासाठी, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं तर माझ्यासाठीच आणलं होतं. दिवाळीत तू सोऱ्या फिरवत असायचीस आणि मी जवळ येऊन हात पुढे केला की म्हणायचीस, "हात बरबटवू नकोस. पुस्तक उघड." पुस्तक उघडलं म्हणून तर इथवर आले, नाही म्हणत नाही. पण माझी चकली आजही तेलात मोडते. वाटलं होतं, आता तरी ओट्याशी दोघी शेजारी उभ्या राहू, तू मला हाताने काहीतरी शिकवशील. आणि तू आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मधली हिरवळ ओलांडून तिच्या गॅरेजमध्ये जाऊन बसलीस. ना तुला इंग्रजी येत होतं, ना तिला मराठी. एवढी वर्षं स्कूलबस चालवलेली ती आडदांड बाई आणि नऊवारीवर माझं स्वेटर चढवलेली तू. माझा नवरा म्हणाला, "तुझ्या आईला मैत्रीण मिळाली आणि तुला सवत." तो हसला. मी पोळी लाटत होते, लाटतच राहिले.

रोज रात्री जेवताना तुझं तेच सुरू. "अगं, गोळी उडाली की पितळेची पुंगळी फुगते. ती साच्यात घालून दांडा खाली ओढायचा, म्हणजे अंग चोरून पुन्हा बारीक होते. मग नवी गोळी तिच्या तोंडात घट्ट बसते. अंगठ्याने दाबून बघायची. आत सरकली तर नो गुड." एकदा दांडा जड जातो म्हणून तू तिला न विचारता सगळ्या पुंगळ्यांना आतून-बाहेरून खोबरेल तेलाचा हात फिरवलास, सोऱ्याला लावतात तसा. त्या दिवशी एकही गोळी धरेना. अंगठा टेकवला की आत बुडायची. बाईला काही कळेना, ती साचाच खोलून बसली. शेवटी तिने एक पुंगळी हुंगली आणि तुझ्याकडे पाहिलं. मग दोघी दुपारभर जुन्या चिंध्यांनी पुंगळ्या पुसत हसत होतात म्हणे. हे सांगताना तुझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी तुझ्यासमोर आमटी ढवळत होते. माझ्या हातून लहानपणी तेलाची बरणी लवंडली, तेव्हा तू संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नव्हतीस. तिच्याकडे तुझ्या चुकीचीसुद्धा गंमत झाली.

एका शनिवारी तुला देवळात न्यायचं ठरवलं होतं, तर तू म्हणालीस, "आज नको गं, तिची स्पर्धा तोंडावर आलीय." मी एकटीच गेले. येताना इंडियन स्टोअरमध्ये तुझी ज्वारीची भाकरी आठवली, आणि पिठाची पिशवी उचलून पुन्हा जागेवर ठेवली. भोगा म्हटलं आता ब्रेड.

आणि आज त्या स्टुलावर मी. ती शेजारी उभी. मी पुंगळी साच्याखाली ठेवते, दांडा ओढते, आणि ती म्हणते, "झटका देऊ नकोस. तुझी आई सावकाश खाली आणायची, तळाशी जरा थांबायची." पुन्हा ओढते. "हां, तशी." म्हणजे तुझ्या हाताची ओढ मला तिच्याकडून शिकायची! मला इतका राग आला की मी विचारूनच टाकलं. म्हटलं, आई दिवसभर तुमच्याकडेच असायची, फार जीव होता ना तुमच्यावर?

ती म्हणाली, "दिवसभर? चार वाजले की तिची नजर रस्त्याकडे. तुझी ती निळी गाडी वळणावर दिसली की दांडा अर्ध्यात असला तरी तशीच उठायची. मी म्हणायचे, एवढी मूठभर राहिलीत, संपवून जा. तर म्हणायची, 'नो. डॉटर.' आणि मागच्या दाराने पळायची. साडी सावरत. तुझ्या गाडीचा मला फार राग यायचा, हनी. अजून येतो."

आई, मी दार उघडायचे तेव्हा तू रोज ओट्याशी असायचीस, चहाचं आधण गॅसवर असायचं. तुझ्या बोटांना पितळेचा वास यायचा आणि मला तेवढाच यायचा. तू धापा टाकत असायचीस, हे आता आठवतंय. मी समजायचे, तुला दम लागतो वयामुळे.

हे पत्र मी कोणाला दाखवणार नाही. तिला तर नाहीच. ती थोडी जळलेलीच बरी. दुपारी तिचं बोलून झालं तेव्हा मी मान खाली घालून पुंगळी चाचपत राहिले. मग यंत्राच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही असं म्हणाले, आणि तिला ते सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. यंत्र हाताचं आहे, आई. त्याला आवाज नाही.